आठ-अडुसष्टचा पट्टा

आमच्याकडे दोन पुरुष भेटले की एकमेकांच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी कमरेकडे. कमरेला कातडी पट्टा, पट्ट्यावर शिवलेली छोटी घरं, प्रत्येक घरात एक काडतूस. काडतूस जितकं लांब आणि जाड, तितका माणूस मोठा. फ्लोरिस मॅकनाब हा आमचा शेजारी, म्हणजे त्याचं फाटक आमच्या फाटकापासून गाडीने अर्ध्या तासावर. तो हा पट्टा चर्चमध्येही घालून येतो. रायफल गाडीत ठेवून येतो, कारण पाद्रीबाबांनी तशी ताकीद दिली आहे. पट्ट्याबद्दल ते काही बोलले नाहीत. प्रार्थनेला गुडघे टेकताना त्याचं पितळ बाकावर खणखणतं आणि मागच्या रांगांतल्या बायका मान वर करून बघतात. फ्लोरिसला वाटतं, कौतुकाने बघतात.

त्याच्या पट्ट्यात आठ-अडुसष्ट असतं. आठ मिलिमीटरची गोळी, अडुसष्ट मिलिमीटरची पुंगळी. माझ्या इसाककाकाच्या पट्ट्यात पिढीजात सात-सत्तावन्न असायचं. हा फरक सेंटिमीटरभराचा आहे. त्या सेंटिमीटरसाठी आमच्या भागातली मोठी माणसं काय काय करतात ते मी राजधानीहून, विंडहुकहून, पदार्थविज्ञान शिकून परत आल्यावर जवळून पाहिलं.

इसाककाका हिवाळ्यात परदेशी पाहुण्यांना शिकारीला नेतो. आमचा फार्म पठाराच्या अगदी कडेला आहे, जिथे जमीन फाटून दऱ्या होतात. इथे जनावर बहुतेक वेळा समोरच्या उतारावर दिसतं आणि इकडून तिकडे मारावं लागतं. पाहुणे विमानातून उतरतात, कागदावर दोन गोळ्या मारतात, आणि मग गेम्सबॉकच्या, म्हणजे लांब शिंगांच्या मोठ्या हरणाच्या, पोटात तिसरी. जखमी गेम्सबॉक खाली दरीत उतरला की संपलं. तो तिथे दोन दिवस मरत राहतो आणि आपल्याला सापडत नाही. म्हणून पाहुण्याने घाण केली की काकाने ती लगेच, लांबूनच, एका गोळीत निस्तरायची, असं हे काम आहे. मागच्या हंगामात दोनदा ते काकाला जमलं नाही. एक गेम्सबॉक आणि एक कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं हरण, दरीत गेले. विंडहुकच्या ज्या मॅडम पाहुणे पाठवतात त्यांनी फोनवर सरळ सांगितलं, "इसाक, आणखी एक जनावर असं गेलं तर माझी माणसं दुसऱ्या फार्मवर जातील. मला वाईट वाटेल, पण जातील."

त्याच सुमारास काका वापरतो त्या आजोबांच्या रायफलीची नळी शेवटी बाद झाली. इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी आतले आटे झिजले होते. विंडहुकच्या कारागिराने विचारलं, "नवीन नळी बसवतो, पण कुठल्या काडतुसाची? आधी ठरवा. एकदा कोरली की कोरली."

हे फ्लोरिसला कळलं आणि तो त्याच संध्याकाळी आला. हातात आठ-अडुसष्टचं भरलेलं खोकं, भेट म्हणून.

"नळी येईल तेव्हा लागतीलच," तो म्हणाला आणि निखाऱ्याजवळची सगळ्यात चांगली खुर्ची घेऊन बसला. काटी काकू जाळीवर पाव भाजत होती. त्याने न विचारता एक उचलला. "सात-सत्तावन्न पुन्हा घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांग, इसाक, म्हणजे मी घरी जाऊन रडतो."

"अजून ठरवलं नाही," काका म्हणाला.

"अरे, ते तुझ्या बापाचं काडतूस! त्याच्या काळी गेम्सबॉक जवळ उभे राहायचे. आता त्यांनाही अक्कल आलीय. दरीपलीकडे मारायचं तर दणका पाहिजे दणका. गोळी लागली की जनावर जागच्या जागी बसलं पाहिजे."

"दणक्याने जनावर बसत नाही, फ्लोरिसकाका," मी म्हटलं. "गोळी जेवढा रेटा पुढे नेते तेवढाच रायफल मागे तुमच्या खांद्याला देते. त्या रेट्याने दोनशे किलोचा गेम्सबॉक पडत असेल तर तुम्ही त्याच्या आधी पडायला हवं."

"मी पडत नाही, कारण मी मॅकनाब आहे."

स्वतःच्या विनोदावर तो इतका हसला की पाव घशात अडकला. काकूने पाणी दिलं.

"आणि खोक्यावर ताकदीचा जो आकडा छापलाय," मी म्हटलं, "तो नळीच्या तोंडाशी मोजलेला असतो. गेम्सबॉक तिथे येऊन उभा राहतो का?"

"इसाक, हिला कॉलेजात घातलंस तेव्हाच मी म्हटलं होतं, शिवण शिकव. निदान फाटक्या विजारी तरी शिवल्या असत्या."

"रोझेल, गप जरा," काका म्हणाला, पण रागाने नाही.

मी गप बसले नाही. गणित लहान होतं. आमच्या दरीवर तीनशे मीटरच्या पुढे मारायची वेळ क्वचित येते. दोन्ही रायफलींचा नेम दोनशे मीटरवर जुळवून ठेवला तर तीनशेवर सात-सत्तावन्नची गोळी आठ-अडुसष्टच्या गोळीपेक्षा माझ्या तीन बोटांइतकी जास्त खाली जाते. तीन बोटं. गेम्सबॉकची छाती त्याच्या दहापट आहे. वर, पोचताना गोळीचं तोंड फुलण्याइतका वेग दोन्हींत उरतो, आणि ती फुप्फुसातून गेली की जनावराला तिचं नाव विचारायला वेळ नसतो. फरक फक्त एका ठिकाणी आहे: खांद्याला बसणारा मार आठ-अडुसष्टचा जवळजवळ दुप्पट असतो. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"तीन बोटं," फ्लोरिस म्हणाला. "ऐकलंस, इसाक? पोरगी बोटं मोजतेय. बायकांचं काडतूस बायकांनाच आवडणार."

काकाने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खोक्यातली काडतुसं एक-एक काढून आपल्या पट्ट्यात घालत होता. कशी दिसतात ते बघत होता. मला माझ्या काकाची फारशी कीव येत नाही, पण त्या क्षणी आली, आणि कीव येणं मला आवडत नाही.

मागच्या हंगामात दरीत गेलेला कुडू फ्लोरिसच्याच रायफलीने गेला होता. जुनी नळी गोळ्या इकडे-तिकडे फेकू लागली तेव्हा काकाने त्याची जोडीची आठ-अडुसष्ट उसनी घेतली होती. पूर्ण हंगामभर काकाच्या उजव्या खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग होता आणि काकू रोज त्यावर शहामृगाची चरबी चोळायची. कुडू का गेला याची चर्चा महिनाभर चालली. वारा होता, दुर्बीण हलली होती, कुडूने ऐन वेळी पाऊल टाकलं. खांद्याबद्दल कोणी बोललं नाही. चरबी चोळणारी काकूसुद्धा नाही.

माझ्याकडे याला एक उपाय होता आणि तो अगदी स्वस्त होता. काडतुसं काका घरीच भरतो. फ्लोरिसचीही तोच भरून देतो, कारण फ्लोरिसला तराजूवर दारू मोजायचा कंटाळा येतो. मी काकाच्या टेबलावर बसून आठ-अडुसष्टची चार काडतुसं भरली, पण दारू घातलीच नाही, आणि तळाची ठिणगी देणारी टोपीही जुनी, उडालेलीच ठेवली. बाहेरून हुबेहूब, आत काही नाही. आम्ही त्याला मुकं काडतूस म्हणतो. नेमबाजाला न सांगता खऱ्या काडतुसांत एखादं मुकं मिसळायचं. खऱ्या काडतुसाच्या धक्क्यात सगळं झाकलं जातं. मुकं आलं की नुसतं 'टिक' होतं, आणि मग दिसतं की चाप ओढताना माणूस काय करतो.

शनिवारी फ्लोरिस परत आला तेव्हा मी म्हटलं, "फ्लोरिसकाका, काकाला ठरवायला मदत करा. तुमच्या रायफलीने पाच गोळ्या मारून दाखवा. काडतुसं मी भरते."

"ही शहाणी झाली!" तो म्हणाला. बाभळीखालच्या सिमेंटच्या बाकावर तो असा बसला जणू फोटो काढणार आहेत.

पहिली गोळी सुटली. कागदावर कुठेतरी कडेला भोक पडलं. "वारा," तो म्हणाला. बाभळीचं पान हलत नव्हतं. त्याने खिट्टी ओढली, पुन्हा गाल लावला, डोळा मिटला, आणि मी दोन्ही म्हणते, दोन्ही डोळे मिटले. चाप ओढला.

टिक.

नळी एवढ्या जोरात खाली गेली की बाकावर आपटली. खांदा पुढे, मान आत, तोंड वाकडं. कोणीतरी मागून थप्पड मारणार आहे हे आधीच कळलेल्या माणसासारखा फ्लोरिस मॅकनाब आपल्याच रायफलीला घाबरून बसला होता. समोर नुसता कागद होता.

काका ते बघत होता.

"हे काय?" फ्लोरिस म्हणाला. "काडतूस नासकं निघालं. इसाक, दारू दमट झालीय तुझी."

"मुकं होतं," मी म्हटलं. "मी घातलं."

त्याला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे फसवलंस. मला कल्पना असती तर मी हललो नसतो."

"कल्पना नव्हती म्हणूनच हललात."

"माशी बसली होती कानावर." तो उठला. "आता इसाकला बसव. बघू तुझा काका किती पाण्यात आहे."

मला काकाला त्याच्यासमोर बसवायचं नव्हतं. पण काका बसला. दुसरं खरं, पहिलं मुकं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याने श्वास सोडला, हळूच चाप ओढला, आणि टिक. त्याचीही नळी खाली गेली. फ्लोरिसइतकी नाही, पण गेली. तीनशे मीटरवर तेवढं म्हणजे छातीऐवजी पोट. छातीऐवजी पोट म्हणजे दरीत गेलेला कुडू.

फ्लोरिस खदखदून हसला. "बघ, बघ! दोघांनाही माशी बसली!"

काकाने रायफल बाकावर ठेवली, खिट्टी उघडी ठेवली, आणि तो घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीच्या दाराशी उभा होता. माझ्या वडिलांची सात-सत्तावन्न माझ्याकडे असते. "दे," तो म्हणाला. "मुकी घालून दे. कुठली कुठे ते सांगू नकोस."

मी दहा काडतुसं घातली, अर्धी मुकी. पहिल्या मुक्याला नळी किंचित डुचमळली. दुसऱ्याला कमी. शेवटच्या दोन मुक्यांना नळीवर चहाचा कप ठेवला असता तरी सांडला नसता. कागदावर खऱ्या गोळ्यांची भोकं एका बशीत मावत होती.

काकाने कागद बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "कारागिराला फोन कर. सात-सत्तावन्न."

मला आनंद झाला. पण तो पाच मिनिटंच टिकला. कारण काका पुढे म्हणाला, "पण पट्ट्यात आठ-अडुसष्टच राहतील."

"काय?"

"पट्ट्यात ती. माझ्या खिशात ही."

"काका, ती काडतुसं त्या रायफलीत जाणारसुद्धा नाहीत."

"मला माहीत आहे काय जातं आणि काय नाही. कधीपासून बंदूक धरतोय मी?"

"मग कशासाठी?"

तो म्हणाला, "तुला चर्चमध्ये फ्लोरिसच्या शेजारी बसावं लागत नाही. तू मागे बायकांत बसतेस."

 एका बाजूला एक प्रौढ माणूस, ज्याला आता नक्की कळलं आहे की आपल्याला काय झेपतं. दुसऱ्या बाजूला फ्लोरिस मॅकनाबचं मत. आणि हा माणूस दोन्ही अंगावर घेऊन फिरणार होता, एक कमरेला आणि एक खिशात. मी फोन केला. नळी महिन्याभराने आली. काकाने नव्या नळीला तेल लावलं आणि पट्ट्यातल्या आठ-अडुसष्टच्या पुंगळ्या फडक्याने चमकवल्या.

हंगामाचा पहिला पाहुणा डेन्मार्कचा होता, प्रेबेन नावाचा, डुकरं पाळणारा, उंच आणि शांत. फ्लोरिसही बरोबर आला, कारण "आपलं काडतूस कसं बोलतं ते ऐकायचंय." त्याचं पोट मोठं असल्यामुळे तो चढावर मागे राहिला आणि गाडीजवळच्या सावलीत बसला. हे आमचं नशीब.

समोरच्या उतारावर गेम्सबॉक एकटाच उभा होता, म्हातारा नर, एका शिंगाचं टोक तुटलेलं. प्रेबेनने आपल्या रायफलीतून गोळी मारली. आवाजावरून आणि जनावराने पाठ कशी कमान केली त्यावरून कळलं, फार मागे लागली. प्रेबेन त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. गेम्सबॉक तिरका दरीच्या तोंडाकडे चालू लागला. तिथे पोचायला त्याला फार वेळ लागणार नव्हता.

काका पोटावर झोपला, पिशवीवर रायफल टेकवली. शर्टाच्या खिशातून काडतूस काढून आत सरकवलं.

"किती?" त्याने विचारलं.

मी अंतर मोजायच्या यंत्रातून बघितलं. "दोनशे नव्वद. वारा डावीकडून, थोडासा."

"थांबतोय का?"

"थांबेल. काठावर बघायला थांबतात."

तो थांबला. खालची दरी बघायला मान वळवली. मी काकाचा खांदा बघत होते, गेम्सबॉक नाही. खांदा हलला नाही. गोळी सुटली, आणि पलीकडून ओल्या पिशवीवर काठी मारल्यासारखा आवाज आला. गेम्सबॉक चार-पाच पावलं चालला, विचार बदलल्यासारखा थांबला, गुडघ्यावर आला आणि काठाच्या अलीकडेच आडवा झाला. पाय एकदा झाडले आणि संपलं.

काका उठला. सगळ्यात आधी त्याने पट्ट्यातलं एक आठ-अडुसष्ट काढून खिशात टाकलं, म्हणजे एक घर रिकामं दिसेल. खोटेपणातसुद्धा हिशेब चोख. मी नेहमीप्रमाणे पडलेली पुंगळी उचलली, कारण त्या पुन्हा भरायच्या असतात. ती अजून गरम होती.

फ्लोरिस धापा टाकत आला. "ऐकलात?" तो लांबूनच ओरडला. "ऐकलात तो आवाज? सात-सत्तावन्न असं बोलतं का कधी? नाही बोलत! ते खोकतं!" त्याने काकाच्या पट्ट्यातलं रिकामं घर बघितलं आणि त्यावर बोट ठेवलं. "हे बघ, शास्त्रीणबाई. एक. एकच लागलं. जागच्या जागी बसला."

"पाच पावलं चालला," मी म्हटलं.

"पाच पावलं म्हणजे जागच्या जागीच."

प्रेबेन काकाशी हात मिळवत होता. मग त्याने इंग्रजीत विचारलं, शेवटच्या गोळीची पुंगळी आठवण म्हणून मिळेल का? माझी चूक होती, दुरुस्त तुम्ही केलीत, म्हणून हवी.

पुंगळी माझ्या मुठीत होती. काकाने माझ्याकडे पाहिलं.  त्याला झालेलं भय मी ओळखलं. बाकावर मुक्या काडतुसाच्या वेळी नळी खाली नेणारं तेच भय होतं. समोर पाहुणा हात पसरून उभा. बाजूला फ्लोरिस. नाही म्हणायला कारण नव्हतं.

मी मूठ उघडली आणि पुंगळी प्रेबेनच्या हातात ठेवली.

फ्लोरिसने ती मध्येच उचलली. "दाखव, दाखव." काकाने डोळे मिटले, खरंच मिटले. फ्लोरिसने पुंगळी उन्हात धरली. तिच्या तळाशी सात आणि सत्तावन्न हे आकडे कोरलेले होते. त्याचा अंगठा बरोबर त्यांच्यावर होता. त्याने नाक लावून खोल वास घेतला.

"हा वास," तो प्रेबेनला म्हणाला. "आठ-अडुसष्टचा वासच वेगळा. कुठेही ओळखीन."

मग त्याने ती ओठाला लावली आणि तोंडावर फुंकर मारून शिट्टी वाजवली, लहान मुलं वाजवतात तशी.

"आणि हा आवाज! किती भारदस्त! सात-सत्तावन्नची कशी चिमणीसारखी वाजते."

पुंगळी जितकी लहान तितका सूर बारीक. सूर बारीक होता. चिमणीसारखाच होता. फ्लोरिसने आणखी एकदा वाजवून दाखवली, प्रेबेनच्या हातावर ठेवली, आणि जाताजाता त्याची बोटं मिटवून दिली, जणू दागिना दिला.

काकाने डोळे उघडले. त्याने आधी पुंगळीकडे पाहिलं, मग फ्लोरिसकडे. खूप वेळ फ्लोरिसकडे पाहिलं. मी काकाला शेळ्या विकत घेताना पाहिलं आहे. शेळीचे दात बघून झाले की तो असाच बघतो आणि मग काही न बोलता पुढच्या शेळीकडे जातो.

संध्याकाळी फ्लोरिस घरी गेला. जाताना सांगून गेला की तो आता आठ-अडुसष्ट सोडून याहून मोठं काहीतरी घेणार, दोन डोंगर पलीकडे मारता येईल असं, आणि काडतुसं भरायला काकाकडेच येईल. काका "हो, ये" म्हणाला. मग ओसरीवर बसून त्याने पट्टा सोडला, आठ-अडुसष्ट सगळी काढली, खोक्यात ओळीने लावली आणि खोकं माझ्याकडे सरकवलं. "त्याच्याकडे जाशील तेव्हा परत दे त्याला."

"काय सांगू?"

"सांग, आम्हाला जास्त झाली."

मग तो त्याच घरांत सात-सत्तावन्न घालू लागला. घरं सैल होती. काडतुसं त्यांत तिरकी उभी राहत आणि हलवलं की खुळखुळत.

"इकडे द्या," काकू म्हणाली. "मी घरं आवळून देते. दाभण आणते."

"राहू दे, काटी," काका म्हणाला. "कोण बघतंय?"

त्या हंगामात काकाने पाहुण्यांची आणखी तीन जनावरं निस्तरली आणि एकही दरीत गेलं नाही. मॅडमचा फोन आला, पुढच्या हिवाळ्याच्या तारखा मागायला. रविवारी चर्चमध्ये मी मागच्या रांगेतून बघत होते. काकाने गुडघे टेकले तेव्हा पट्टा खुळखुळला, लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखा. शेजारी बसलेल्या फ्लोरिसने वाकून काकाच्या कमरेकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि प्रार्थना चालू असतानाच त्याच्या पाठीवर थाप मारून मोठ्याने कुजबुजला, "आता कसा पुरुषासारखा दिसतोस!"